साडेतीनची घंटा

आमच्या सोसायटीत रोज दुपारी साडेतीनला घंटा वाजायची. जवळ शाळा नाही, देऊळ आहे ते दोन गल्ल्या सोडून. ही घंटा वाजायची दुसऱ्या मजल्यावरच्या जगदाळेकाकांच्या गॅलरीत. वीतभर उंचीची पितळी घंटा, पण आवाज असा खणखणीत की खालच्या मजल्यावरच्या मंजुबेन दचकून उठायच्या. लहरीपुऱ्यातल्या एका दुकानात होत्या नव्हत्या त्या सगळ्या घंटा वाजवून बघून, दुकानदाराला हात जोडायला लावून काकांनी ती पसंत केली होती. लग्नानंतरची दोघांची पहिली खरेदी हीच, असं सुमनकाकू सांगायच्या. साडी त्यानंतर.

बरं, साडेतीन तरी कायमचे असावेत? तेही नाही. मार्च संपता संपता एका रविवारी घंटा अचानक अडीचला वाजायची आणि दिवाळीच्या आसपास पुन्हा साडेतीनवर जायची. बडोद्यात भर उन्हाळ्यात दुपारी अडीचला जागा असणारा माणूस म्हणजे एक तर रिक्षावाला, नाहीतर जगदाळेकाका. मंजुबेन दर एप्रिलला आपल्या गॅलरीतून मान वर करून विचारायच्या, "काका, तमारुं घडियाळ बगड्युं छे के शुं?" काका वरून शांतपणे सांगायचे, "घडियाळ बराबर छे, बेन. गामनो टाइम बदलायो."

गाम म्हणजे काकांचं गाव, आणि ते जर्मनीत होतं. तिथे उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात. त्या गावात सकाळचे अकरा वाजले की बडोद्यात काका घंटा वाजवायचे. का वाजवायचे, हे विचारायचं नाही अशी जणू सोसायटीची रीतच पडली होती. गावाचं खरं नाव उच्चारताना प्रत्येकाची जीभ वेगळ्या ठिकाणी अडखळायची, त्यामुळे सगळे 'काकांचं गाव' एवढंच म्हणत.

काका जाऊन आता दीड वर्ष झालं. त्यांच्या समोरच्याच दारात मी वाढले. लहानपणी मला कितीतरी दिवस वाटायचं की जर्मनी बडोद्याजवळच्या सावली गावाच्या पुढे कुठेतरी असावी, कारण काका रोज बसने सावलीच्या कारखान्यात रात्रपाळीला जायचे आणि परत आले की 'आमच्या गावात' अशी सुरुवात करायचे.

जगदाळ्यांचे पूर्वज गायकवाडी सैन्यात शिलेदार. घोडे गेले, तलवार दिवाणखान्यातल्या भिंतीवर गेली आणि काकांच्या हाती लेथ मशीन आलं. सव्विसाव्या वर्षी कारखान्याने त्यांना दीड वर्षासाठी जर्मनीला शिकायला पाठवलं. शहरात खोली मिळाली नाही, म्हणून ते जवळच्या एका खेड्यात मार्टा नावाच्या विधवा बाईंकडे राहिले. अडतीस घरं, एक चर्च, एक तळं, एक पिठा, आणि सगळ्या गावाला मिळून पाव भाजायची एक भट्टी. काकांच्या सांगण्यातून हे गाव आम्हाला इतकं पाठ झालं होतं की कुठल्या घराचा कुत्रा चावरा होता तेही आम्ही सांगितलं असतं. तिथे जगदाळ्यांचे 'यागडाले' झाले होते. हे सांगताना काका असे खुलायचे की जणू सरकारने पदवी दिली असावी.

खंडेराव मार्केटात काकांबरोबर बटाटे घ्यायला जाणं ही शिक्षा होती. एकेक बटाटा उचलून, अंगठ्याने दाबून, हा उकडायचा, हा सलाडचा, हा डुकरांचा, अशी वर्गवारी चालायची. एकदा बटाटेवाला कंटाळून म्हणाला, "काका, लेवाना छे के खाली ओळखाण करवी छे?" काका म्हणाले, "पहेलां ओळखाण, पछी रसोडामां." आधी ओळख, मग स्वयंपाकघर, म्हणून दोन किलो घेताना अर्धा तास लावला.

शनिवारी संध्याकाळी ते फाटकापासून रस्त्यापर्यंत स्वतः झाडायचे. हाफ पँट, डोक्याला रुमाल, हातात लांब दांड्याचा झाडू. मंजुबेनचे यजमान रमेशभाई स्कूटर लावता लावता म्हणायचे, "काका, बाई आवे छे ने?" काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "बाई येते ती केर काढायला. हे मी इथे राहतो म्हणून आहे." रमेशभाईंना मराठी कळायचं, पण हे वाक्य त्यांना कळलं नाही. मलाही फार उशिरा कळलं.

रमेशभाईंच्या बा, म्हणजे आई, गेल्या त्या दिवशीचे काका मात्र सगळ्यांना कळले. काकांच्या गावात मृत्यू झाला की घरच्यांनी फक्त रडायचं. बाकी सगळं डावीकडचं, उजवीकडचं आणि समोरचं घर करतं, खड्डा खणण्यापासून खांदा देण्यापर्यंत. काकांनी रमेशभाईंना खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "तू तुझ्या बाजवळ बस. आज तुझ्या घरात तुला काही काम नाही." फोन, डॉक्टरचा दाखला, स्मशानातली व्यवस्था, पाहुण्यांचा चहा, सगळं त्यांनी आणि माझ्या बाबांनी केलं. तेरा दिवस रमेशभाईंच्या घरात चूल पेटू दिली नाही. त्यानंतर रमेशभाई दर शनिवारी दुसरा झाडू घेऊन खाली यायला लागले.

पण काकांची खरी रंगायची ती मार्टाबाईंची गोष्ट. महायुद्ध संपलं तेव्हा त्या पूर्वेकडून, घरदार सोडून, एका हातगाडीवर भांडी आणि दोन मुलं घालून या गावात आल्या. गावाने त्यांना शाळेच्या खोलीत ठेवलं. पुढे अठरा नंबरचं पडकं घर मिळालं, तरी गावाच्या लेखी त्या 'शाळेतल्या' त्या 'शाळेतल्याच'. गावात एक लाकडी फळी होती. ज्या घरी फळी, त्या घराने आठवडाभर रोज अकराला चर्चची घंटा वाजवायची, म्हणजे शेतातल्या बायका घरी जाऊन बटाटे चुलीवर चढवतील. रविवारी संध्याकाळी फळी पुढच्या घरी द्यायची. देताना ठरलेलं वाक्य म्हणायचं, "घंटा वाजली. कुणी उपाशी राहिलं नाही. आता तुम्ही." घेणाऱ्याने एकच शब्द म्हणायचा, "घेतली."

फळी सतराव्या घरातून सरळ एकोणिसाव्यात जायची. अकरा वर्षं मार्टाबाई खिडकीतून ती आपल्या दारावरून जाताना बघत राहिल्या. बाराव्या वर्षी एका रविवारी सतरा नंबरचा म्हातारा त्यांच्या दाराशी थांबला. दुसऱ्या दिवशी त्यांनी घंटा इतका वेळ वाजवली की आग लागली समजून लोक बादल्या घेऊन धावत आले. इथे काका थांबायचे, चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "वैशू, देश मिळायला सही लागते. गाव मिळायला पाळी लागते."

काकांनी मला जर्मन शिकवलं ते असंच, गोष्टी सांगत. पुढे वर्गात आमच्या शिक्षिका हसून म्हणाल्या की तुमचं जर्मन कुठल्या आजीकडून आलंय? ते मार्टाबाईंचं होतं.

इतकं असून एक गोष्ट मला खटकायची. काकांच्या घरी त्या गावाचं एक पत्र नव्हतं. दिवाळीला सत्तर जणांना कार्डं पाठवणारा हा माणूस, आणि गावाला एक ओळ नाही. विचारलं की "अगं, राहून गेलं" म्हणायचे आणि बटाट्यांवर घसरायचे.

मी नोकरी करते तो कारखानाही सावलीचाच, काकांचा नव्हे, दुसरा. तीन वर्षांपूर्वी कारखान्याने मला तीन आठवडे जर्मनीला पाठवायचं ठरवलं. नकाशात बघितलं तर काकांचं गाव तिथून रेल्वेने तासाभरावर. मी पेढे घेऊनच काकांकडे गेले. म्हटलं, "काका, तुमच्या गावाला जाऊन येते. काय आणू?"

काकांच्या हातातला पेढा हातातच राहिला. "तिकडे नको जाऊस," ते म्हणाले आणि उठून आत गेले.

तीन दिवस त्यांचं दार बंद. चौथ्या दिवशी काकू मला बोलवायला आल्या. "बघ बाई, धड जेवत नाहीत, झोपत नाहीत. तूच काय ते विचार." मी गेले तेव्हा काका गॅलरीत बसले होते. मांडीवर जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी टॉवेल सोडला. आत हातभर लांबीची, काळपट, कडा झिजलेली एक फळी होती. वरच्या टोकाला भोक, त्यात चामड्याची वादी.

मी वादीला हात लावून बघितला. "ही खरी?"

"खरी."

मग त्यांनी सांगितलं, ते चाळीस वर्षांत काकूंनाही सांगितलं नव्हतं. काकांची निघायची वेळ जवळ आली तेव्हा मार्टाबाईंनी गावच्या बैठकीत विषय काढला की यागडालेलाही एक आठवडा द्या. लोक म्हणाले, पाहुण्याला पाळी नसते. मार्टाबाई म्हणाल्या, "तो दर शनिवारी दार झाडतो. पाहुणा झाडत नाही." एवढ्यावर काकांना फळी मिळाली. त्यांनी सहा दिवस घंटा वाजवली. सातव्या दिवशी, रविवारी, ती एकोणीस नंबरला द्यायची होती. पण शुक्रवारी कारखान्याची तार आली, विमान सोमवारऐवजी शनिवारी संध्याकाळचं. घाईगर्दीत काकांनी, जाताना शेजारी द्यायला विसरू नये म्हणून, फळी बॅगेवरच ठेवली. मग टॉवेल ठेवला. मग मार्टाबाईंनी दिलेला पाव. बॅग बंद करताना सगळंच आत गेलं. फळी सापडली ती बडोद्यात, आईसमोर बॅग उघडताना.

"पोस्टाने पाठवायची ना, काका."

"पहिल्या आठवड्यात पाठवली असती तर चूक होती. महिना गेला, मग लाज वाटली. वर्ष गेल्यावर त्या लाजेचीच लाज वाटायला लागली." ते फळीवरून बोट फिरवत होते. "माझं सोड गं. गाव तिला काय म्हणालं असेल? अकरा वर्षं थांबून बाईला पाळी मिळाली, आणि तिनेच हट्टाने परक्याला दिली, तर तो घेऊन पळाला. तिला पुन्हा 'शाळेतली' म्हणाले असतील. माझ्यामुळे."

"आणि ही घंटा?"

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की हाही काय प्रश्न झाला. "फळी माझ्याकडे. पुढच्या घराला दिली नाही, म्हणजे पाळी माझीच ना? मग वाजवायची कुणी?"

मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. चाळीस वर्षं हा माणूस रोज दुपारी भर उन्हात गॅलरीत उभा राहून सहा हजार किलोमीटरवरच्या बायकांना बटाटे चढवायला सांगत होता. काकू दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मला वाटायचं, तिथे कुणी मुलगी होती." त्यांचा चेहरा उजळला होता. चाळीस वर्षांचं एक ओझं तिथल्या तिथे उतरलं.

काकांनी फळी माझ्याकडे दिली. "अठरा नंबरच्या दाराशी ठेव आणि निघून ये. बोलू नकोस. कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नकोस."

सप्टेंबरातल्या एका शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी त्या गावात उतरले. वाट विचारावी लागली नाही. तळं, भट्टी, चर्च, सगळं काकांनी ठेवलं होतं तिथेच होतं, फक्त चावरा कुत्रा नव्हता. अठरा नंबरसमोरची फरशी झाडलेली. फळी उंबऱ्याशी ठेवली, चार पावलं गेले आणि परत आले. काकांची आज्ञा मी मोडली. मी दार वाजवलं.

दार उघडलं एका ऐंशी पार केलेल्या, काठी टेकत आलेल्या बाईंनी. या इंगे, मार्टाबाईंची मुलगी, हातगाडीवर बसून आलेल्या दोघांतली एक. त्यांनी माझ्याकडे बघितलं, फळीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "यागडाले?"

मी मान डोलावली. त्यांनी मला हाताला धरून आत नेलं, मार्टाबाई बारा वर्षांपूर्वी गेल्याचं सांगितलं आणि कपाटातून एक जाडजूड वही काढली. फळी कुठल्या आठवड्यात कुणाकडे, याची ती गावची वही होती. पान उलटून त्यांनी बोट ठेवलं. काका निघाले त्या आठवड्याची ओळ. पुढच्या वर्षीचं पान उघडलं. त्याच आठवड्यात पुन्हा, 'यागडाले, बडोदे. त्याच्या वतीने मार्टा.' त्याच्या पुढच्या वर्षी तेच. दर वर्षी एक ओळ. मार्टाबाईंचं अक्षर थरथरत गेलं, आणि मग एका वर्षापासून ओळ इंगेबाईंच्या अक्षरात होती. 'यागडाले, बडोदे. त्याच्या वतीने इंगे.'

काका गाव सोडून निघाले त्यानंतरच्या सोमवारी बैठक झाली होती, इंगेबाई सांगायला लागल्या. काही लोक बोलले, काका घाबरले होते अगदी तेच बोलले. मार्टाबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "फळी ज्याच्या घरी, पाळी त्याची. नियम तुमचा आहे, माझा नाही. आता यागडालेचंही घर या यादीत आहे. तो येईपर्यंत त्याची पाळी मी करीन." गावाने रोजच्या कामापुरती दुसरी फळी केली, पण यादीत अडतीस घरांची एकोणचाळीस झाली ती झालीच. शाळेतल्या मुलांना नकाशावर बडोदे दाखवतात, इंगेबाई म्हणाल्या. आमची फळी तिकडे आहे, असं सांगतात.

"आईला खात्री होती, तो तिकडे वाजवत असणार."

"रोज वाजवतात," मी म्हटलं. "तुमच्या अकराला."

इंगेबाई खुर्चीवर बसल्या. बराच वेळ त्यांनी माझा हात सोडला नाही.

अकराला दहा कमी असताना आम्ही चर्चपाशी गेलो. इंगेबाईंनी फोन केल्यामुळे एकोणीस नंबरचे गृहस्थ स्वच्छ सदरा घालून आले होते. आणखी आठ-दहा माणसं जमली. मी काकांना व्हिडिओ कॉल लावला. बडोद्यात अडीच वाजत आले होते आणि काका गॅलरीत घंटा घेऊन उभेच होते. मी काही सांगायच्या आत दोन्हीकडे घंटा सुरू झाल्या. इथली मोठी, माझ्या फोनमधली बारीक. घंटा थांबल्यावर मी फोन इंगेबाईंकडे दिला. त्यांनी वहीतली पानं एकेक करून काकांना दाखवली.

काकांच्या चेहऱ्याचं वर्णन मी करणार नाही. मागून काकूंचा आवाज आला, "बसा आधी, बसा." पण काका बसले नाहीत. त्यांनी घसा खाकरला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि मार्टाबाईंच्या जर्मनमध्ये म्हणाले, "घंटा वाजली. कुणी उपाशी राहिलं नाही. आता तुम्ही."

मी फळी पुढे केली. एकोणीस नंबरच्या गृहस्थांनी ती दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाले, "घेतली."

त्यानंतर काका दीड वर्ष होते. इंगेबाईंना लांबलचक पत्रं लिहायचे, बटाट्यांवरून त्यांच्याशी वाद घालायचे. शेवटी गेले ते चार दिवसांच्या तापाने. काकूंना रमेशभाईंनी खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, "काकी, आज तमारे कंई करवानुं नथी." सगळं शेजारच्या घरांनी केलं.

पण काका म्हटलं की मला आठवतात ते फळी दिल्याच्या दुसऱ्याच दिवशीचे, मी जर्मनीहून परतले तेव्हाचे. घरी येऊन बॅग टाकली, अंघोळ केली, दुपार झाली. अडीच वाजले, घंटा नाही. पावणेतीन झाले. खालून मंजुबेन कठडा धरत जिना चढत वर आल्या, चेहरा घाबरलेला. "आजे घंट केम ना वाग्यो? काकाने सारुं छे ने?" मीही घाबरले. आम्ही दोघींनी काकांचं दार ढकललं.

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. गॅलरीशेजारच्या आरामखुर्चीत काका झोपले होते. चष्मा कपाळावर, तोंड किंचित उघडं, एक चप्पल पायातून गळून पडलेली. पंख्याने पांढरे केस हलत होते. घंटा वर्तमानपत्रात गुंडाळून काकूंनी कपाटावर ठेवली होती.

"झोपू दे," काकू हळूच म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा दुपारचे झोपलेत."